जिना दुरुस्तीला नेला आहे

इमारतीच्या नव्या मालकांना भाडेकरूंबद्दल अतोनात जिव्हाळा होता, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढच्या घटनांचा कुणी भलताच अर्थ काढायचा.

वस्ती सुधारली होती. कोपऱ्यावरच्या चांभाराच्या गाळ्यात आता वासाच्या मेणबत्त्या मिळत आणि त्या घ्यायला लोक लांबून गाडी काढून येत. तिसऱ्या मजल्यावरच्या आई-लेकीचं भाडं मात्र सुधारायला तयार नव्हतं. कायद्याने ते जुन्या दरावर बांधलेलं होतं आणि आई स्वतःहून घर सोडेपर्यंत तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. मालक कायदा मानणारे. त्यांनी हात लावला नाही. त्यांनी दुरुस्ती काढली.

आधी नळ दुरुस्तीला गेले. मग खिडक्या, चौकटीसकट. आईचा जन्म टेलिफोन खात्यात लोकांना "कृपया थांबा" म्हणण्यात गेलेला; तिने थांबायचं ठरवलं. डोक्याला मफलर गुंडाळून, मांडीवर शब्दकोडं घेऊन ती बसे. "हवा खेळती आहे गं," ती लेकीला म्हणे, "जरा जास्तच खेळते, एवढंच."

मग एका सकाळी जिना नेला.

"नेला म्हणजे?" दाराबाहेरच्या पोकळीत डोकावत लेक ओरडली.

खाली मालकांचे सौजन्य अधिकारी उभे होते. "डळमळीत होता, ताई. आजी पडल्या असत्या, तर मालकांना तोंड दाखवायला जागा उरली नसती."

"आणि आम्ही ये-जा कशी करायची?"

"करायलाच हवी का?" त्यांनी काळजीने विचारलं.

लेक शाळेत शिकवायची, तेव्हा करायलाच हवी होती. ओळखीच्या एका रंगाऱ्याने खिडकीला शिडी लावून दिली. पर्स गळ्यात अडकवून ती उतरली आणि थेट भाडेकरू संरक्षण कार्यालयात गेली.

"घर आईच्या नावावर ना? मग तक्रार त्यांनी समक्ष द्यायला हवी," कारकून म्हणाला.

"तिला येता येत नाही. जिना नाहीये."

"तेच त्यांनी इथे येऊन सांगायचं."

"अहो, म्हातारी आहे ती!"

"मग जपून या म्हणावं."

थंडीत आईची छाती भरली. डॉक्टरांनी खालूनच तिला मोठ्याने खोकायला लावलं आणि दवाखान्यात हलवा म्हणाले. अग्निशामक दलाची शिडी आली. सौजन्य अधिकारीही आले.

"खुशाल जा, आजी. फक्त रात्र बाहेर काढलीत की कायद्याने घर सोडल्यासारखं होतं. आधी सांगितलेलं बरं, नंतर गैरसमज नको."

"आई, घराचं मी बघते. चल तू," लेक म्हणाली.

"आणि मग तू कुठे जाशील?" आईने विचारलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्याच आठवड्यात ती गेली. तिला खाली उतरवायला मालकांनी स्वखर्चाने क्रेन पाठवली. ती वेळेवर आली.

सोबत राहणाऱ्या वारसाला घर मिळतं, हेही कायद्यातच होतं. सौजन्य अधिकारी फुलं घेऊन भेटायला आले.

"तुम्ही सोबत होतात, ताई, हे आम्हाला का ठाऊक नाही? पण रहिवासी दाराने येतो. तुम्ही इतके महिने खिडकीतून येत होतात. त्याला घुसखोरी म्हणतात. तुमचं दुःख बघूनच मालकांनी पोलिसात दिलं नाही."

लेक पुन्हा कार्यालयात गेली तेव्हा कारकुनाने कायदा उघडून पाहिला. खिडकीतून येणाऱ्या वारसाचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता.

परवा तुम्ही ती खोली बघायला आला होतात. उजेड तुम्हाला आवडला. आधी कोण राहत होतं, हे तुम्ही आवर्जून विचारलंत. तेवढंही हल्ली कोण विचारतं?

"एक आजी होत्या," सौजन्य अधिकारी म्हणाले. "फार जीव होता त्यांचा या घरावर. शेवटपर्यंत हलल्या नाहीत."

ऐकून तुम्हाला बरं वाटलं. वास्तू चांगली असणार, असं तुम्ही म्हणालात, आणि मेणबत्त्यांचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते विचारलंत.