कथिलाचा नंबर चार!

रसायनशास्त्राच्या सरांना अख्खं कॉलेज तात्या म्हणे. त्यांची बायकोही त्याच प्रयोगशाळेत शिकवायची. संसार गुण्यागोविंदाने चालला होता. पण त्यांच्याच विभागात नवे सर रुजू झाले आणि तात्यांच्या पोटात दुखायला लागलं!

"काय सुबक गणित सोडवतात हो ते!" डबा उघडताना बायको म्हणायची. तात्या डब्याचं झाकण आपटायचे.

अशात कपाटात कथिलाच्या द्रावणाची जुनी बरणी सापडली. चिठ्ठी गळालेली. आतल्या कथिलाचा ऑक्सिडेशन नंबर दोन की चार?

"दोन असावा," नवे सर म्हणाले.

"असावा? शास्त्र काय अंदाजपंचे चालतं?" तात्या गरजले. "द्रावणात वीज सोडतो, पट्टीवर बसलेला धातू तोलतो. तासाभरात नंबर हातात!"

हिशेब सोपा होता. वीज तेवढीच असताना धातू जितका कमी बसेल, तितका नंबर मोठा. एक अँपियर, तीस मिनिटं. पट्टीवर कथिलाच्या चकचकीत सुया उगवल्या, आठवडाभर न केलेल्या दाढीसारख्या!

तात्या पट्टी धुवायला नळाशी गेले, तोच समोरच्या वर्गातून हसणं ऐकू आलं. फळ्यापाशी नवे सर, शेजारी बायको! तात्यांनी मान लांबवली आणि नळ पूर्ण सोडला.

पट्टी वाळवली, तोलली. धातू ०.५५ ग्रॅम. आकडेमोड केली: ४.०३!

"चार!" तात्या थेट प्राचार्यांसमोर ओरडले. "काहींना दोनच दिसत होते!"

"माझंच चुकलं असेल," नवे सर नम्रपणे म्हणाले. मेल्याचा नम्रपणासुद्धा सुबक!

एवढ्यात बायको आली. तिच्या हातात सिंकची जाळी, जाळीत चकचकीत सुया.

"अहो, अर्धं कथिल इथे आहे!"

सुया वाळवून तोलल्या. पुन्हा ०.५५. दोन्ही मिळून नंबर आला बरोबर दोन. प्राचार्य चहात बघून हसले.

घरी जाताना तात्यांनी धीर करून विचारलं, "त्यांचं एवढं काय आवडतं गं तुला?"

"पट्टी कशी धुतात! अलगद, वाटीतल्या पाण्यात बुडवून. एक कण सांडत नाही."

"त्यांना बरं जमतं!"

"जमणारच. पहिल्याच दिवशी मी शिकवलं."

तात्या रस्त्यात थांबले. "मग मला का नाही शिकवलंस?"

"त्यांनी विचारलं होतं."