कुरुपसाहेबांची तीव्र शुद्धी

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. रोगाचा अभाव कुणालाही परवडतो. आरोग्यासाठी मात्र आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि कर्किडकम महिन्यासाठी, म्हणजे केरळात भर पावसातल्या आयुर्वेदी उपचारांच्या हंगामासाठी, ती शक्यतो आधल्या वर्षीच.

भारतपुळा नदीच्या काठी, शोरणूरहून थोडं आत, 'त्रिदोषालयम' या नावाचं आरोग्यधाम आहे. तिथे डॉ. भार्गवी पिषारडी मुख्य वैद्य म्हणून रुजू झाल्या. त्याआधी अकरा वर्षं त्या एका खेड्यातल्या दवाखान्यात होत्या. भूक लागल्यावर जेवा, थोडं पोट रिकामं ठेवा, वेळेवर झोपा, असं तिथे त्या लोकांना सांगत. लोक ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "बरं, आता औषध द्या." त्रिदोषालयममध्ये हीच तीन वाक्यं हातकागदावर छापून, रेशमी दोऱ्यात गुंडाळून देत असत. पाहुणे ती चौकटीत लावत. (पाळत कोणीच नसे, पण चौकटीत लावणं हीही एक प्रगतीच.)

संस्थेचे व्यवस्थापक टोनी चक्कालक्कल. पूर्वी ते त्रिशूरला न्हाणीघराच्या फरशा विकत, त्यामुळे शुद्धीचा त्यांचा अनुभव दांडगा होता. प्रकृतिपरीक्षा त्यांनीच सोपी करून ठेवली होती. शास्त्राप्रमाणे हडकुळा, चंचल, झोप कमी असलेला माणूस वाताचा. लवकर तापणारा, लवकर केस पिकलेला पित्ताचा. गुबगुबीत, सुस्त आणि क्षमाशील तो कफाचा. या तिन्हींच्या मिश्रणाचा विचार करताना भार्गवींचा अर्धा तास जाई. टोनींच्या पद्धतीत कोणत्या विभागातली खोली रिकामी आहे एवढंच पाहावं लागे. वाताच्या खोल्यांना पिवळे पडदे, पित्ताच्या खोल्यांना निळे, कफाच्या खोल्यांना शेंदरी. एकदा शेंदरी विभागाचं छत गळू लागलं, तर त्या पंधरवड्यात अख्ख्या केरळात कफ प्रकृतीचं कोणी सापडलं नाही.

लक्षणांचा तक्ताही टोनींनीच केला होता. डोकं दुखलं, तर विष बाहेर पडतंय. दुखलं नाही, तर पडून गेलंय. उलटी झाली, उत्तम. रडू आलं, अत्युत्तम. भूक मेली, तर अग्नी विश्रांती घेतोय. बरं वाटलं, तर मुक्काम वाढवावा. ब्याण्णव टक्के पाहुणे 'पूर्ण शुद्ध' ठरत. उरलेले आठ टक्के अभिप्रायाचा अर्ज न भरताच निघून जात, म्हणून त्यांना अशुद्ध धरलं जाई.

अशा या धामात पद्मनाभ कुरुप सात दिवसांच्या शुद्धीसाठी सपत्नीक आले. वय एकसष्ट. अठ्ठावीस वर्षं मस्कतला गोदामप्रमुख होते, आणि त्यातली चौदा वर्षं रोज इन्सुलिन टोचून घेत होते. प्रवेशाच्या दिवशी एक छोटा विधी असे: समईपुढे ठेवलेल्या उरुळीत, म्हणजे पसरट पितळी भांड्यात, पाहुण्याने आपली सगळी 'रासायनिक औषधं' सोडायची. वर मोगऱ्याची फुलं, एक फोटो. कुरुपांनी इन्सुलिनची पेनं सोडली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

भार्गवी तडक टोनींच्या खोलीत गेल्या.

"त्यांचं इन्सुलिन परत द्या. जीव जाईल त्यांचा."

"अहो डॉक्टर, तुम्ही आयुर्वेदाच्या ना? मग इंग्रजी औषधाचा एवढा कळवळा कशाला?"

"आयुर्वेदाची आहे म्हणूनच सांगतेय. आपल्या हातचा रोग कुठला आणि कुठला नाही, हे आधी ओळखायचं, हाच आमचा पहिला धडा."

"लेखी द्या," टोनी म्हणाले.

भार्गवींनी लेखी दिलं. टोनींनी ते 'सूचनांचं स्वागत' या फायलीत लावलं. मग भार्गवी खुद्द कुरुपांकडे गेल्या. ते निळ्या पडद्याआड तेल लावून पडले होते. म्हणाले, "मोळे, माझ्या पोरी, चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी मला सुई न दाखवता 'तुम्ही मुळात निरोगी आहात' म्हणालं. तेवढं तरी राहू दे ना गं."

दोन दिवस भार्गवी सकाळ-संध्याकाळ त्यांना समजावत राहिल्या, आणि ते हसून मान हलवत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी तेलाची धार धरणारी ओमनाचेची, म्हणजे सगळ्यांची ओमनाताई, धावत आली. वीस वर्षं लोकांची अंगं रगडलेली बाई. तक्ता तिने कधी वाचला नव्हता.

"डॉक्टर, चला लवकर. सर पाणी पाणी करतायत, तांब्यावर तांबे रिचवतायत. श्वास बघा कसा ओढतायत. आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास!"

खोलीत टोनी आधीच पोचले होते. सुभाषिणीअम्मा नवऱ्याचे तळपाय चोळत होत्या. टोनी त्यांना समजावत होते, "घाबरू नका अम्मा. फळाचा सुगंध म्हणजे शरीर मूळपदाला चाललंय. फार थोड्यांना लाभतं."

"मूळपदाला नाही, वर चाललेत ते!" भार्गवी ओरडल्या. "गाडी काढा."

"पाहुण्यांसमोर रुग्णवाहिका? कर्किडकमात?"

रुग्णवाहिका आली नाही. चादरी न्यायला आलेली धोब्याची व्हॅन दारात उभी होती. भार्गवी आणि ओमनाचेचीने कुरुपांना तेलकट अंगानिशी उचललं. ते दोनदा हातांतून निसटले. (शास्त्रोक्त तेल मुरायला वेळ घेतं.) धुण्याच्या गाठोड्यांवर त्यांना आडवं केलं आणि त्रिशूरचं इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टरने नाडी पाहिली, रक्त तपासायला पाठवलं आणि एवढंच विचारलं, "इन्सुलिन कोणी बंद केलं?" सुभाषिणीअम्मांनी भार्गवींकडे पाहिलं. भार्गवींनी खाली पाहिलं. पाच दिवसांनी कुरुप उठून बसले.

आता कोणाला वाटेल, की कुरुपांनी त्रिदोषालयमवर खटला भरला असेल. त्यांनी पाचांपैकी पाच तारे दिले. लिहिलं, 'इथली शुद्धी इतकी जबरदस्त, की मला थेट इस्पितळात न्यावं लागलं. इतर ठिकाणी काहीच होत नाही.' भार्गवी त्यांना भेटायला गेल्या तेव्हा ते पोटात सुई टोचून घेत म्हणाले, "रागावू नकोस, पण तू मध्ये पडली नसतीस तर सात दिवस पूर्ण झाले असते."

टोनी कृतज्ञ माणूस. त्यांनी 'तीव्र शुद्धी' नावाची नवी योजना काढली. तिच्यात त्रिशूरपर्यंतची गाडी समाविष्ट आहे. भार्गवींना 'नकारात्मक ऊर्जा' या कारणास्तव कमी केलं. ओमनाचेचीने त्याच दिवशी आपण होऊन पंचा फेकला.

दोघी आता चेरुतुरुत्तीला बसथांब्यामागे दोन खोल्यांत बसतात. एक सांगते, दुसरी रगडते. गुडघे, कंबर, पोटाच्या तक्रारी, जे त्यांच्या हातचं आहे तेवढं बरं करतात. जे नाही त्याला चिठ्ठी देऊन इस्पितळात धाडतात. पडदे नाहीत. गर्दीही नाही.

हा वृत्तांत आम्ही आजवर पुष्कळ सुशिक्षित मंडळींना सांगितला. सगळे हळहळले, सगळ्यांनी टोनीला शिव्या घातल्या, आणि निघताना हळूच त्रिदोषालयमचा फोन नंबर विचारला. चेरुतुरुत्तीचा अजून एकानेही विचारलेला नाही.

तुम्ही अर्थातच तसे नाही. तुम्ही समंजस वाचक. आपण वाताचे की पित्ताचे, एवढंच काय ते तुमच्या मनात मघापासून चाललंय. कफाचे निघायची तुमची तयारी दिसत नाही.