खिंडीत अडकलेलं वाक्य

गॅल्व्हेस्टनमध्ये सायकलीच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो! समुद्राकाठच्या बांधावरून तीस मैल जाऊन आलो तरी माझ्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. अशा माणसाला कोलोरॅडोची एक खिंड ती काय!

खिंड हे निमित्त. काम होतं रोझलिनकडे. कित्येक वर्षं बांधावर माझ्या डाव्या हाताला सायकल चालवणारी ही बाई बहिणीच्या सोबतीला म्हणून कोलोरॅडोच्या डोंगरात, लेडव्हिलला गेली आणि तिथलीच झाली. आता डाव्या हाताला नुसता वारा असतो. म्हणून वाक्य पाठ केलं होतं, 'रोझलिन, मला तुझ्यावाचून करमत नाही, घरी चल.' खिंडीच्या माथ्यावर म्हणायचं!

"डेल्बर्ट, दोन दिवस नुसता बसून राहा. पाणी पी," तिने दारातच बजावलं. "दहा हजार फुटांवर आलायस."

"बसायला आलोय का मी?"

तिने पुढे ठेवलेलं वेफर्सचं पाकीट तिथल्या विरळ हवेत टम्म फुगलं होतं. मीही. सकाळी दोघं सायकलींवर निघालो.

दुसऱ्याच वळणावर हवा गेली. टायरमधली नव्हे, माझ्यातली! डोकं ठणकायला लागलं. टोपलीत कुत्रं बसवलेली एक आजीबाई मला मागे टाकून गेली. कुत्र्याने वळून पाहिलं!

माथा लांबच होता, पण म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सायकल आडवी टाकली.

"रोझलिन... मला..."

"पाणी हवंय? घे."

"नाही... मला तु..."

"केळं खा. गप खा!"

केळं गिळलं. "मला..."

"ओकारी येतेय?"

तेवढ्यात ती खरंच आली! मग तिने ऑक्सिजनचा डबा माझ्या तोंडावर दाबला, आणि वाक्य आतच राहिलं. पण खाली उतरेपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवर होता. त्या हातासाठी मी आणखी दोन खिंडी चढलो असतो.

संध्याकाळी तिने मला थेट विमानात बसवलं. "समुद्रावर गेलास की बरं वाटेल."

आलो. बरं वाटलं नाही.

इथे दम भरपूर! ते वाक्य मी रोज बांधावर पाणकोळ्यांना खणखणीत म्हणून दाखवतो. काल धीर करून तिला फोन लावला.

"हॅलो?" ती म्हणाली.

झालं! खिंडीतल्यासारखी धाप लागली, वाक्य पुन्हा आतच!

"डेल्बर्ट, तूच ना रे? धापांवरून ओळखलं! आता कुठला डोंगर चढतोयस?"

मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो होतो.