कोथिंबिरीची दुबार लावण

ईट गावच्या बाजारात कोथिंबिरीला भाव चढल्याचं कळताच बिरूने अख्खं रान उपटून जुड्या विकून टाकल्या. त्याच्या जन्मात पहिल्यांदाच शेताने चार पैसे फायदा दाखवला होता. गडी शिट्टी वाजवत घरी आला. बायकोने, सिताबाईने, ती दारातच बंद पाडली.

"आवं, उद्या बँकेच्या मॅडम येणारेत. गटाच्या कर्जातनं कुणी काय पिकवलं ते बघाया. पयलं आपलंच रान!"

बिरू दारातच खाली बसला. बी-खताचं कर्ज सिताबाईने बचत गटातून उचललं होतं. मॅडमना रान मोकळं दिसलं, तर त्या म्हणणार, पैसे खाल्ले. मग बाकीच्या बायांचं कर्ज अडणार, आणि त्या बाया काही बिरूला गावात राहू देणार नाहीत.

"इकली म्हणून सांगू की," सिताबाई म्हणाली.

"फायद्यात इकली म्हणून? कोण इस्वास ठेवील?"

हे मात्र तिलाही पटलं.

बिरू उलट्या पावली वीरप्पा व्यापाऱ्याकडे गेला. सकाळी पाच रुपयांना घेतलेली जुडी वीरप्पाने दुपारी दहा रुपयांना लावली.

"अरं वीरप्पा, माजीच हाय की ही!"

"सकाळी तुजी व्हती. आता माजी हाय."

जुड्या खरंच त्याच होत्या, सिताबाईच्या जुन्या जांभळ्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेल्या. फायदा संपला तिथं खरेदी थांबली. माल रस्त्याकडच्या दोन वाफ्यांपुरता झाला.

पहाटे नवराबायकोने वाफ्यांत पाणी सोडलं आणि चिखलात जुड्या घाईघाईने रोवल्या. लांबून पाहिलं तर पीक जोरात होतं. मॅडम आल्या, मागोमाग गटातल्या बाया आल्या. निभावलं म्हणायचं, असं बिरूला वाटलं.

"काय सुंदर आलीय!" म्हणत मॅडम वाकल्या आणि वास घ्यायला दोन काड्या उपटल्या. हातात अख्खी जुडी आली, चिंधीसकट.

बाया चिंधीकडे बघत राहिल्या, मग सिताबाईकडे. ते लुगडं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. तिने पदर तोंडावर ओढला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बिरूला झालं. पण धरणीने त्याला घोट्यापर्यंतच घेतलं. लाजेने कान तापलेल्या बिरूने मग सगळं सांगून टाकलं.

"अहो, व्यापाऱ्याची पट्टी, मालाची पावती, दाखवली असती तरी भागलं असतं," मॅडम म्हणाल्या.

पट्टी खिशातच होती. बिरूने खाली बघतच ती पुढे केली.

"मग फायदा झालाय की! हातात किती राहिला?"

"इकली तवा झाला व्हता, मॅडम. लावली तवा गेला."

मॅडमनी कसंबसं हसू दाबलं. गटाचं कर्ज अडणार नाही म्हणाल्या, आणि जाताना पिकासकट दोघांचा फोटो काढला. तो गटाच्या खोलीत लावलेला आहे. त्यात दोघांच्याही माना खाली आहेत. येणारा नवा माणूस म्हणतो, काय जीव आहे बघा पिकावर, नजर हटत नाही.