समुद्राचं वाद्य आणि आमची मोटर

विषय : समुद्राचे वाद्य पुन्हा ऐकण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : गेल्या मे महिन्यातील प्रकार.

उपरोक्त विषयाबाबत मी, ढुंढिराज, सेवानिवृत्त कारकून, राहणार नाशिक, सुरुवातीलाच नमूद करतो की माझी काहीही चूक नाही.

आमचा मुलगा श्रेयस परदेशात समुद्रकाठी राहतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असताना एका रविवारी सूनबाई तेजश्री म्हणाली, "बाबा, आज वाद्य ऐकायला जाऊ. माझे बॉसही येणार आहेत. तिथे शांत बसायचं असतं हं." (हे मलाच उद्देशून होतं. मालिनीकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे, कोणी पाहिलंही नाही.)

वाद्य म्हणजे किनाऱ्यावरच्या दगडी पायऱ्या. त्यांच्या पोटात नळ बसवलेले. लाट आली की आत हवा कोंडते आणि नळ वाजतात. वादक खुद्द समुद्र. मानधन नाही, नखरे नाहीत.

पन्नासेक माणसं डोळे मिटून बसली होती. मीही मिटले. गार वारा, पोटात पोहे, डोळा लागला. (लागला नाही, असं मी घरात सांगितलं आहे.) तेवढ्यात कानाशी नळ घुरघुरला. मग भोंऽऽ. मग खोकला.

नाशिकला आमच्या नळाला पाणी येण्यापूर्वी हुबेहूब असाच आवाज येतो. आधी हवा, मग पाणी. त्या क्षणी मोटर लावली नाही, तर खालचे प्रफुल्लराव सगळं ओढून घेतात. मी ताडकन उठलो.

"मालिनी, मोटर लाव! पाणी आलं!"

"लावते, लावते! तुम्ही बादली सरकवा!" असं म्हणत ती अनवाणी पायऱ्या उतरलीसुद्धा, आणि दगडावर बटण चाचपू लागली.

सगळ्यांचे डोळे उघडले. हे काय म्हणाले, असं बॉसने विचारलं.

"प्रार्थना," तेजश्री इंग्रजीत म्हणाली. "समुद्राची."

बॉसने हात जोडले. फार सुंदर, पुन्हा म्हणा, असा आग्रह धरला.

"म्हणा ना, बाबा," तेजश्री दातांतल्या दातांत म्हणाली. "माझं प्रमोशन आहे."

दुसरा कोणी नमला असता. मी नाही.

"नो प्रेअर, सर. वॉटर सप्लाय!" मी ठणकावलं, आणि टाकी, मोटर, प्रफुल्लराव हे सारं मुद्देसूद इंग्रजीत समजावून दिलं. समुद्र वाजत राहिला; श्रोते माझ्याकडे वळले होते.

तेजश्रीला बढती मिळाली. (पाणीपुरवठ्यामुळे, हे माझं मत; कामामुळे, हे तिचं.) तरी घरात ठराव झाला : बाबा माफी मागत नाहीत तोवर त्यांना तिथे न्यायचं नाही.

माझं वाद्य अर्धंच ऐकून झालं आहे. भरतीला तर ते म्हणे फारच रंगतं. मला ते जागेपणी, शेवटपर्यंत ऐकायचं आहे. पण माफी मागणार नाही! नळ घुरघुरल्यावर जो नाशिककर स्वस्थ बसतो, त्याने घरी कधी पाणी भरलेलंच नाही.

घरी परतल्यावर तसा रीतसर अर्ज मी श्रेयसला पाठवला. त्याने तो 'आईच्या अभिप्रायासाठी' परत नाशिकला धाडला.

दरम्यान मालिनीचं तिकीट आलं. एकटीचं. (अनवाणी कोण धावलं होतं, हे कोणालाच आठवत नाही.)

"अगं, माझ्या अर्जाचं काय?" काल मी विचारलं.

"बघू," बॅग भरता भरता ती म्हणाली. "आल्यावर."

अर्ज प्रलंबित आहे.