प्रल्हादभाऊ आणि मोठी

आमच्या ऑफिसात लाइट गेली की बाकीचे आपापल्या कॉम्प्युटरकडे धावायचे आणि प्रल्हादभाऊ गावंडे इन्व्हर्टरकडे धावायचे. त्याच्या शेजारी स्टूल टाकून, बॅटरीवर हात ठेवून बसायचे. लाइट येईपर्यंत उठायचं नाव नाही. बॅटरीत पाणीदेखील तेच घालणार. एकदा शिपायाने न विचारता घातलं, तर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

ऑफिस म्हणजे अमरावतीत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर असलेली आमची दहा-बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी. संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी आमचा एक प्रोग्राम आहे. कोणतं कलम, कोणत्या वाफ्यातलं, त्याची लेबलं तो छापून देतो. तो मुळात लिहिला मंगलावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने. नवरा-बायको दोघंही इथेच, शेजारशेजारच्या टेबलांवर. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. आजार कळला आणि दोन महिन्यांत सगळं आटोपलं.

कोपऱ्यात वहिनींनी लावलेला एक जुना कॉम्प्युटर होता. त्याला सगळे 'मोठी' म्हणत. आम्ही प्रोग्राममध्ये जे बदल करू ते मोठी रोज सकाळी दहाला आपणहून गोळा करायची, जुळवायची, तपासायची आणि तयार प्रोग्राम बाहेर काढायची. याला बिल्ड म्हणतात. अडचण एवढीच की हे फक्त मोठीवरच व्हायचं. वहिनींनी तिच्यात वेळोवेळी काय काय घातलं याची नोंद कुठेच नव्हती. मोठी बिघडली की आम्ही सगळे हात चोळत बसणार. म्हणून साहेबांनी भाऊंना सांगितलं, हे कंटेनरमध्ये बसवा, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालेल, आणि मग मोठी बंद करून टाकू.

कंटेनर म्हणजे काय, ते भाऊंइतकं सोपं करून कुणी सांगत नाही. "आयक. पाहुण्याच्या घरी सयपाक कराले गेला, तं मीठ कुठी, तिखट कुठी, इचारत बसा लागते नं? मंग आपलं सारं डब्यात भरूनच न्याचं. चूलबी आपली. कोणाच्याबी आंगनात मांडा, भाजी तशीच होते." डब्यात काय भरायचं त्याची एक यादी असते, ओळीला एक वस्तू. ती यादी पूर्ण झाली की काम फत्ते.

हाच नियम ते स्वतःलाही लावायचे. सेमाडोहला आमची सहल गेली तेव्हा भाऊंच्या पेटीत साखर होती, काडेपेटी होती, गाळणी होती आणि चक्क एक बादली होती. "काई गृहीत धराचं नाई बापा," हे त्यांचं पालुपद. चहावाल्याला चहा सांगतानाही सुरुवात "पहिले गंज ठेव" अशी, म्हणजे थेट पातेल्यापासून व्हायची.

असल्या माणसाची यादी तीन महिने झाले तरी पूर्ण होईना. रोज सकाळी कंटेनरमधला बिल्ड आपटायचा. एक दिवस मराठी फॉण्ट राहिला, एक दिवस घड्याळाची वेळ, एक दिवस आणखी तिसरंच. "एक गोष्ट राहून गेली बापा," म्हणत भाऊ यादी उघडायचे. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच. एकदा साहेबांच्या देखत म्हणालो, "भाऊ, बादली आठवते अन् फॉण्ट नाई आठवत?"

एका शनिवारी दुपारी काहीतरी शोधताना मी त्या यादीचा इतिहास उघडला. कुणी, केव्हा, कोणती ओळ बदलली हे त्यात राहतं. तो वाचायला मला भाऊंनीच शिकवलं होतं. यादी तीन महिन्यांपूर्वीच, काम सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण झाली होती. बिल्ड पास झाला होता. आणि तेव्हापासून भाऊ रोज संध्याकाळी यादीतली एक ओळ काढत होते. दुसऱ्या दिवशी ती परत घालून वेगळी काढत होते.

मी यादी त्यांच्यापुढे धरली. "भाऊ, हे काहून?"

"पास झाला तं मोठी बंद करतीन," ते म्हणाले.

मग त्यांनी मोठीवरचा त्या दिवशीचा बिल्ड मला उघडून दाखवला. अगदी खाली एक ओळ होती. तयार करणारी: मंगला.

"लॉगिन तिचं आहे. आजारी पडाच्या आदी तिनं सोताच्या हातानं केलं. तवापासून मोठी एकदाबी बंद झाली नाई. झाली, तं चालू होतानीच पासवर्ड मांगते. तो तिलेच मालूम होता." भाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "घरी आता तिचं काईच चालू नाई रे. इथीच रोज दहाले कामावर येते."

मला माझ्या बादलीच्या विनोदाची भयंकर लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "कंटेनरमध्ये वहिनींचं नाव टाकून देतो नं भाऊ. एका ओळीचं काम आहे."

"ते तुह्यं लिवलेलं नाव होईन," ते म्हणाले.

मी साहेबांना काही सांगितलं नाही. बिल्ड रोज आपटत राहिला. बाकीचे हसत राहिले आणि मी खाली मान घालून काम करत राहिलो.

पंधरा दिवसांनी अकोल्याच्या एका रोपवाटिकेतून फोन आला. लेबलांवर कलमांची नावं अर्धवट छापून येत होती. दोन प्रकारची रोपं एकमेकांत मिसळली होती आणि आता कोणतं कोणतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तपासलं, तर मोठीची डिस्क खराब व्हायला लागली होती आणि तिच्यातून निघणारा प्रोग्रामच बिघडलेला होता. भाऊंनी फोनवर माफी मागितली आणि बराच वेळ त्या बिल्डखालची ओळ पाहत बसले.

"तिच्या नावावर खराब काम जाऊन राह्यलं," ते म्हणाले. "तिले नसतं चाललं."

त्यांनी यादी उघडली, काढलेली ओळ जागेवर घातली आणि बटन दाबलं. चार मिनिटांत बिल्ड पास झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कचोऱ्या मागवल्या. भाऊंनीही एक खाल्ली.

संध्याकाळी सगळे निघाल्यावर ते मोठीसमोर खुर्ची ओढून बसले. मला म्हणाले, "तू जाय जरा बाहीर."

मी बाहेर आलो, पण दार नीट लागलं नव्हतं. थोड्या वेळाने मोठीचा पंखा थांबला. तो आवाज ऑफिसात इतकी वर्षं होता, हे तेव्हा कुठे कळलं.

"चाल वं मंगल," आत भाऊ हळूच म्हणाले, "झालं तुह्यं काम. घरी जाऊ."