दगाआप्पांच्या सुऱ्यांची बारशी

दगाआप्पा लोहार बारसं केल्याशिवाय सुरी विकत नसत. नाव पसंत नसेल, तर गिऱ्हाइकाने रिकाम्या हाताने परत जायचं. विसरवाडीच्या नाक्यावर त्यांची भट्टी होती. ट्रकवाले, केळीवाले, मास्तर, सगळे तिथून नावासकट सुरी नेत.

मोठी मूठ आणि आखूड पातं म्हणजे ‘पुढारी’. दिसायला मऊ, पण लागली की खोल जाणारी ती ‘विहीण’. एकदा तलाठी आले. आप्पांनी सुरी पुढे केली.

“हाई ‘उद्या ये’ शे, रावसाहेब.”

तलाठी लाल झाले. “दुसरं नाव नाही का?”

“शे ना. ‘परवा ये’.”

बघणारे हसून लोळले. सुरी मात्र तलाठ्यांनी नेलीच. तशी धार नंदुरबारच्या बाजारातही मिळत नव्हती.

मी आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. पेन्सिली तासायला त्यांनी मला चाकू दिला, ‘बघू’ नावाचा. कुणी काही विचारलं की मी ‘बघू’ म्हणतो, हे खरं आहे.

“तिसऱ्या खेपेला कापस, तुन्हासारखा,” आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, “पण कापस बरं का, भाऊ.”

भट्टीचा भाता त्यांची बायको ओढायची. आप्पा तिला ‘अवं’ म्हणत, ती त्यांना ‘आयका का’ म्हणे. आम्ही सगळे तिला लोहारीण काकू म्हणायचो.

एका उन्हाळ्यात काकूंचं पोट असं दुखू लागलं की त्यांना चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मला लिहिता येतं म्हणून मीही गेलो. कारकुनाने विचारलं, “पेशंटचं नाव?”



“मन्ही घरवाली शे,” आप्पा म्हणाले.

“ते कळलं हो. नाव?”

चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. मी सांगावं, तर मलाही ते ठाऊक नव्हतं. इतक्यांदा काकूंच्या हातची भाकरी खाल्ली होती. मला फार लाज वाटली. आप्पांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि चोरी कबूल करावी तसं म्हणाले, “जमना.” मी लिहिलं.

ऑपरेशन झालं. पण काकू शुद्धीवर येईनात. नर्सबाई म्हणाल्या, “ओळखीच्या आवाजात हाक मारा.”

“अवं,” आप्पा म्हणाले. “अवं, आयक ना.”

“नावाने मारा, बाबा. मोठ्याने.”

वॉर्ड माणसांनी भरला होता. आप्पांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. अख्ख्या तालुक्याची थट्टा करणारा माणूस घामाने भिजला होता. मग खाट धरून ते ओरडले, “जमना! वं जमना!”

काकूंचे ओठ हलले. डोळे उघडण्याआधी हात पदर शोधू लागला.

“हळू बोला,” त्या पुटपुटल्या. “लोके आयकी ऱ्हायनात ना.”

“आयकू दे,” आप्पा म्हणाले. आणि आता काही गरज नसताना त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली.